चामड्याची निगा राखण्याची साधने : खारपाणपट्ट्यातल्या वापरातून एक परीक्षण

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावात चामड्याच्या वस्तूंसाठी जी साधने खरोखर हाती येतात ती मोजकीच आहेत. किराणा दुकानात मिळणारी मेणाच्या पॉलिशची डबी, स्पंज लावलेली पातळ पॉलिशची बाटली, अमरावतीला किंवा अकोल्याला कोणी जाणारे असले तर मागवता येणारे रंगहीन लेदर क्रीम आणि घरात असतीलच ती तेले. ही सगळी मी घरातल्या निरनिराळ्या वस्तूंवर वापरली आहेत. त्यांत शाळेत घालायचे काळे जोडे आहेत, कोल्हापुरी वहाणा आहेत, वडिलांची खांद्याला अडकवायची पिशवी, कंबरेचा पट्टा, पाकीट आणि बैलांचे घुंगरांचे पट्टेही आहेत. या वापरातून माझे जे मत झाले ते आधीच सांगतो. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते रंगहीन क्रीमवर घालावेत. मेणाची डबी त्यानंतर घ्यावी, तीही मृग लागण्याच्या आत. पातळ पॉलिशची गरज नाही, आणि जवसाचे तेल चामड्याला मुळीच लावू नये. चकाकी आणणे आणि चामडे जिवंत ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि बाजारातली बहुतेक साधने त्यांतले पहिलेच काम करतात.

आपल्या भागात हा फरक इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी हवा, माती आणि पाणी या तिन्हींकडे पाहावे लागते. चैत्र-वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, दुपारच्या हवेत ओलावा जवळपास उरत नाही, आणि लोखंडी कपाटात ठेवलेला पट्टा महिनाभरात ताठ होतो. चामड्याच्या तंतूंमध्ये मुळात थोडे पाणी आणि कमावताना मुरवलेली थोडी स्निग्धता असते. या दोहोंमुळे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात आणि चामडे वाकते. पाणी उडाले आणि स्निग्धता कमी झाली की तंतू एकमेकांना चिकटतात, आणि जिथे वस्तू रोज दुमडते तिथेच प्रथम बारीक भेगा पडतात. मग जून उजाडतो, आणि आठ-पंधरा दिवसांत तीच वस्तू ओलसर हवेत येऊन तिच्यावर बुरशी चढू लागते. कोकणात दमटपणा कायमचा असतो, पण आपल्याकडे कोरडेपणा आणि दमटपणा हे दोन्ही टोकाचे, आणि तेही लागोपाठ येतात.

त्यात काळी माती आहे. ती चिकटते हे तर सर्वांनाच ठाऊक आहे, पण चामड्याच्या दृष्टीने तिचा दुसरा गुण अधिक घातक आहे. तेल शोषण्यासाठी प्रसिद्ध असलेली मुलतानी माती ज्या प्रकारच्या फुगणाऱ्या चिकणमातीची असते, तशीच चिकणमाती आपल्या कापसाच्या जमिनीत भरपूर असते. चिखल जोड्यावर वाळतो तेव्हा तो पाण्याबरोबर स्निग्धताही ओढून घेतो, आणि म्हणून चिखलाने माखलेले जोडे तसेच ठेवून दिले की सकाळी ते लाकडासारखे लागतात. शिवाय ही माती अल्कधर्मी, आणि कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मी. दोघांचा फार वेळ संबंध येऊ देणे बरे नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांच्या सलग भागात, बोअरचे पाणी खारे आहे. या पाण्याने जोडे पुसले की वाळल्यावर चामड्यावर पांढरट नागमोडी रेघ उमटते आणि तिच्या कडेने चामडे किंचित फुगल्यासारखे दिसते. अनेकजण तिला बुरशी समजतात आणि तिच्यावरच पॉलिश चोपडतात. ती रेघ मिठाची असते, आणि मीठ आत राहिले तर प्रत्येक ओलसर दिवशी ती पुन्हा वर येते.

म्हणून कोणत्याही डबीच्या आधी साफसफाईचे बोलले पाहिजे, आणि तिला पैसे जवळपास लागतच नाहीत. चिखल ओला असताना पुसू नये, कारण पुसल्याने बारीक माती चामड्याच्या रंध्रांत घासली जाते. जोडे सावलीत उताणे ठेवून माती वाळू द्यावी. काळी माती वाळताना स्वतःच आकसते आणि तिचे पापुद्रे सुटतात. उरलेली माती नरम ब्रशने झाडावी, शिवणीतली माती जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढावी, आणि मग जुन्या धोतराचा किंवा बनियनचा तुकडा गोड्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, एकाच दिशेने फिरवावा. गोडे पाणी म्हणजे पिण्याचे नळाचे, आरओचे किंवा साठवलेले पावसाचे. मिठाची रेघ असेल तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग गोडे पाणी असे मिसळून त्यात कापड ओलावून रेघ हलकेच टिपावी, घासू नये, आणि लगेच साध्या ओल्या कापडाने पुसावे. व्हिनेगरची लहान बाटली आता तालुक्याच्या किराणा दुकानातही मिळते. त्याऐवजी लिंबू पिळण्याचा सल्ला काहीजण देतात. लिंबाने रंग उतरू शकतो, तो सल्ला मानू नये. कपडे धुण्याची पावडर आणि साबणाची वडी ही दोन्ही चामड्यासाठी वर्ज्य समजावीत, कारण ती तीव्र अल्कधर्मी असतात आणि स्निग्धता धुऊन काढतात. पुसण्याने न निघणारा मळ असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब वाटीभर पाण्यात पुरतात.

ओले जोडे वाळवण्याच्या बाबतीत आपल्याकडे जी सवय सर्वत्र दिसते तिच्याविषयी मी कडक आहे. पावसात भिजलेले जोडे चुलीजवळ, टिनाच्या छपरावर किंवा भर उन्हात ठेवणे म्हणजे ते जाणूनबुजून संपवणे होय. भिजलेल्या चामड्याला उष्णता कोरड्या चामड्यापेक्षा फार कमी सोसते. वरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते, आणि एकदा तंतू आकसले की कोणतेही क्रीम त्यांना पूर्ववत करत नाही. जोड्यांत कोरा कागद चुरगाळून भरावा, तासाभराने बदलावा आणि वारा लागेल अशा सावलीत एक-दोन दिवस ठेवावे. वर्तमानपत्राचा कागद काळ्या जोड्यांना चालतो. फिकट रंगाच्या वस्तूत त्याची शाई उतरते.

आता क्रीमकडे येतो. मी वापरतो ते काचेच्या लहान बरणीत येते, दिसायला घट्ट दुधाच्या सायीसारखे असते आणि त्याला मेणाचा मंद वास असतो. त्याच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक वेळी दुकानात वेगळीच कंपनी असते; बरणीवर काय छापले आहे ते वाचून घेणे अधिक उपयोगाचे. रंगहीन किंवा न्यूट्रल असे लिहिलेले असावे, घटकांत मधमाश्यांचे मेण, लॅनोलिन किंवा अशीच एखादी स्निग्ध वस्तू असावी, आणि नुसते ‘शाइन’ एवढेच सांगणारी बरणी परत ठेवावी. किंमत साधारण दोनशे ते चारशे रुपयांच्या दरम्यान पडते. एका घरातल्या जोड्यांना, पट्ट्यांना आणि पिशवीला मिळून एक बरणी वर्षभर सहज पुरते, त्यामुळे ही किंमत मला जास्त वाटत नाही.

क्रीम लावण्याची रीत साधी आहे, पण प्रमाण महत्त्वाचे. एका जोड्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढे दोन ठिपके पुरतात. ते कापडाला लावून, बोटांच्या ऊबेने पातळ करत, गोल फिरवत चामड्यात जिरवावेत, रात्रभर ठेवावे आणि सकाळी जे वर उरले असेल ते कोरड्या कापडाने पुसून टाकावे. कोरड्या पडलेल्या पिशवीच्या झाकणावर ते कसे जिरते हे पाहण्यासारखे असते. दुमडीच्या जागी, जिथे चामडे सर्वांत कोरडे असते, तिथे ठिपका काही क्षणांत नाहीसा होतो. कडेला, जिथे हाताचा तेलकटपणा आधीच मुरलेला असतो, तिथे तो तसाच तरंगत राहतो. चामड्याला कुठे किती हवे आहे हे ते असे स्वतःच दाखवते, आणि म्हणून सगळीकडे सारखा थर देण्याचा आग्रह धरू नये. वडिलांच्या पिशवीचा पट्टा खांद्याला टोचण्याइतका ताठ झाला होता. थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने दिलेल्या पातळ थरांनी तो पुन्हा वाकू लागला. मात्र ज्या भेगा आधीच पडल्या होत्या त्या भरल्या नाहीत. क्रीम भेगा पडण्याआधीचे औषध आहे, नंतरचे नव्हे, आणि विक्रेता काहीही सांगत असला तरी ही मर्यादा खरी आहे.

दुसरी मर्यादा रंगाची. झाडपाल्याने कमावलेल्या, फिकट तांबूस चामड्यावर क्रीम लावताच रंग गडद होतो, आणि तो पूर्णपणे मूळच्या छटेवर येईलच असे नाही. बाभळीची साल आणि मेळघाटाच्या जंगलातही मिळणारा हिरडा ही आपल्याकडची कातडे कमावण्याची जुनी द्रव्ये. कोल्हापुरी चप्पल याच रीतीच्या चामड्याची असते, आणि गांधीजींच्या काळात वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या चर्मालयात मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचे जे काम उभे राहिले त्याची आठवण वर्ध्याकडची जुनी माणसे अजून काढतात. असे चामडे पाणी आणि स्निग्धता दोन्ही पटकन पिते, म्हणून त्याला क्रीम आणखी कमी लावावे आणि आधी तळव्याच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, लावून पाहावे. आपल्या काळ्या जोड्यांचे चामडे बहुधा क्रोमने कमावलेले असते; ते अधिक मऊ आणि पाण्याला अधिक टिकाऊ असते, आणि त्याला वर्षातून दोनदा क्रीम दिले तरी भागते. माझा नेम असा आहे की एक हात होळीनंतर, ऊन तापण्याच्या आधी, आणि दुसरा दिवाळीच्या साफसफाईत, पावसाळ्याचा दमटपणा उतरल्यावर. सुएडच्या, म्हणजे मखमलीसारखी लव असलेल्या चामड्याच्या, वस्तूंना हे क्रीम मुळीच लावू नये.

मेणाच्या डबीविषयी माझे मत चांगले आहे, फक्त तिच्याकडून तिचे नसलेले काम मागू नये. चेरी ब्लॉसमची डबी आमच्याकडे खेड्यातल्या दुकानातही असते, किवीची मोठ्या गावात दिसते. दोन्ही जातींत मूळ कल्पना एकच आहे, घट्ट मेण, ते मऊ ठेवणारे उडून जाणारे द्रावण आणि रंग. द्रावण उडाले की मेणाचा पातळ थर मागे राहतो, ब्रशने घासल्यावर तो गुळगुळीत होऊन चमकतो आणि पाण्याचे थेंब त्यावर काही काळ ठरतात. पावसाळ्यात शाळेपर्यंतच्या पायवाटेने जाणाऱ्या माणसाला हा थर फार उपयोगी पडतो, कारण चिखल मेणावर बसतो, चामड्यावर नाही, आणि वाळल्यावर सहज झडतो. पण मेण पोषण करत नाही. कोरड्या जोड्यावर नुसते पॉलिश रोज चढवत गेले तर थरावर थर साचतात, दुमडीत ते काळ्या पापुद्र्यासारखे तडकतात आणि लोक समजतात की चामडेच फाटले. म्हणून आधी स्वच्छता, मग क्रीम, आणि क्रीम जिरल्यावर मेण, हा क्रम सोडू नये. वर्षातून एकदा जुने मेण ओलसर कापडाने आणि शाम्पूच्या थेंबाने उतरवून घ्यावे.

डबीची एक अडचण आपल्या उन्हाळ्याची आहे. झाकण नीट लागले नाही तर द्रावण उडून जाते आणि मेणाला भेगा पडून ते ढेकळासारखे सुटते. अशी डबी दुपारच्या उन्हात थोडा वेळ ठेवली की मेण मऊ होऊन वापरता येते. ती गॅसवर किंवा चुलीवर गरम करणे मात्र धोक्याचे आहे, कारण आतले द्रावण पेट घेणारे असते. लहान मुले हा उद्योग करतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावे. आणि डबी नेहमी लहानच घ्यावी.

पातळ पॉलिशच्या बाटलीची मला शिफारस करवत नाही. मी वापरलेल्या बाटलीने पहिल्या दिवशी उत्तम चकाकी दिली, हे मान्य केले पाहिजे. लग्नाच्या मांडवात जायचे असेल आणि वेळ नसेल तर ती कामाला येईल. परंतु तिने चामड्यावर जो प्लास्टिकसारखा पातळ पडदा तयार केला तो बोटांच्या दुमडीत लवकरच सुरकुतला, त्या सुरकुत्यांत धूळ बसली, आणि नंतर लावलेले क्रीम त्या पडद्याखाली जाईना. शिवाय स्पंजाला एकदा माती लागली की तीच माती पुढच्या वेळी जोड्यावर घासली जाते. कोऱ्या स्पंजाच्या डबीत येणारे, एका फटकाऱ्यात चमक देणारे जे साधन मिळते त्याविषयीही माझे हेच म्हणणे आहे.

तेलांचा विषय विस्ताराने घ्यावा लागतो, कारण खेड्यात बहुतेक माणसे क्रीमकडे नव्हे तर तेलाच्या बाटलीकडेच वळतात आणि सगळी तेले सारखीच समजतात. विदर्भात जवस पिकते, करडई पिकते, सोयाबीन तर सर्वत्र आहे, आणि सरकीचे तेलही घराघरात असते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होणारे आहे. याच गुणामुळे ते लाकडाला आणि रंगात वापरतात. चामड्यात ते मुरले की तिथेच घट्ट होते आणि आरंभी मऊ वाटलेली वस्तू काही महिन्यांनी पूर्वीपेक्षा कडक होते. करडई आणि सोयाबीन यांच्यात हा गुण कमी प्रमाणात आहे, पण आहे. ही तेले कालांतराने चिकट होतात आणि त्यांना खवट वास येतो. खोबरेल घट्ट होऊन बसत नाही, हे खरे. परंतु ते साधारण 24-25 अंशांखाली गोठते, आणि आमच्या हिवाळ्यात रात्री पारा त्याच्या पुष्कळ खाली जातो, तेव्हा वस्तूवर पांढरट तवंग दिसू लागतो.

एरंडेल मात्र वाळत नाही, गोठत नाही, आणि यंत्रांच्या चामडी पट्ट्यांना ते लावण्याची रीत जुनी आहे. जाड चामड्यासाठी, म्हणजे बैलांचे पट्टे, चाबकाची वादी (चामड्याची अरुंद पट्टी), जुन्या जोड्यांचे तळवे यांच्यासाठी, मी आजही एरंडेलच वापरतो आणि त्याची शिफारस करतो. ते फार घट्ट असल्यामुळे उन्हात कोमट करून, कापडाने अगदी पातळ लावावे आणि दुसऱ्या दिवशी पुसून घ्यावे. पातळ चामड्याच्या पाकिटाला किंवा चांगल्या पिशवीला ते लावू नये. डाग पडतात आणि कपड्यांना लागते. तेल कोणतेही असो, ते भरपूर लावल्याने चामडे ढिले पडते, शिवण सैल होते, आणि आमच्या मातीच्या घरांत त्याहून मोठे संकट म्हणजे उंदीर. तेलाने माखलेला पट्टा त्यांनी रात्रीतून कुरतडल्याची उदाहरणे प्रत्येक गोठ्यात सापडतील.

वर तवंगाचा उल्लेख आला, त्यावरून एक खूण सांगून ठेवतो. वस्तूवर पांढरे दिसले की ते तीन गोष्टींपैकी एक असते: मीठ, गोठलेली स्निग्धता किंवा बुरशी. मिठाची रेघ असते आणि तिची कडा स्पष्ट असते. स्निग्धतेचा तवंग सगळीकडे सारखा, धुरकट असतो आणि त्यावर हाताचा तळवा थोडा वेळ ठेवला की ऊबेने तो विरघळून नाहीसा होतो. बुरशी ठिपक्याठिपक्यांची, कापसाच्या बारीक लोकरीसारखी असते, ऊबेने जात नाही आणि तिला कुबट वास येतो. बुरशी असेल तर वस्तू घराबाहेर, अंगणात न्यावी, कोरड्या ब्रशने झाडावी, कारण घरात झाडल्यास तिचे बीज इतर वस्तूंवर बसते. नंतर औषधाच्या दुकानातले स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन, न दिसणाऱ्या जागी रंग उतरत नाही याची खात्री करून, पुसावे आणि वाऱ्यावर वाळवावे. स्पिरिट स्निग्धताही काढते, म्हणून वाळल्यावर क्रीमचा हात द्यावाच लागतो. पावसाळ्यात चामडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याची पद्धत बुरशीला आमंत्रण देणारी आहे. सुती पिशवी वापरावी, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि उघडीप मिळाली की कपाटाची दारे उघडी टाकावीत. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या असतील तर त्या कापडात बांधाव्यात, चामड्याला टेकू देऊ नयेत.

बैलांच्या पट्ट्यांची निगा हा आपल्याकडचा खास विषय आहे आणि त्याविषयी कोणत्याही डबीवर काही लिहिलेले नसते. पोळा नेमका दमट दिवसांत येतो. पट्टे वर्षातून एकदा काढायचे, बैलांना घालून मिरवायचे आणि घामाने भिजलेले तसेच गोठ्याच्या खुंटीला टांगायचे, हीच रीत बहुतेक ठिकाणी चालते. गोठ्यातल्या शेण-मुताचा जो उग्र वाफारा असतो तो अमोनियाचा. तो अल्कधर्मी असल्याने झाडपाल्याने कमावलेले चामडे काळवंडते आणि ठिसूळ होते. पट्टे गोठ्यात ठेवूच नयेत. घुंगरांच्या मुळाशी, जिथे पितळ चामड्याला टेकते, तिथे हिरवट मेणासारखा एक थर जमतो. तो पितळातले तांबे आणि तेल यांच्या संयोगाने होतो आणि हळूहळू चामड्यात उतरतो. बांबूच्या कामटीला बोथट टोक काढून तो खरवडावा, कोरड्या कापडाने पुसावे, आणि एरंडेल लावताना पितळाभोवती बोटभर जागा कोरडीच सोडावी. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी हे काम उरकले तर पट्टा पुढे वर्षानुवर्षे टिकतो.

खंजिरीचा उल्लेख येथे एका वाक्यात करणे भाग आहे, कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्याकडे गावोगावी ती आहे: तिच्यावरचे कातडे कमावलेले नसते, कच्चे आणि ताणलेले असते, त्यामुळे तिला किंवा ढोलकीला क्रीम, तेल, मेण यांतले काहीही लावू नये.

रेक्झिनच्या वस्तूंवर यांतला कोणताही खर्च करू नये. चामडे म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पट्ट्यांवर आणि पाकिटांवर कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर असतो आणि आपल्या दमट हवेत तो काही वर्षांत पापुद्र्यांनी सुटतो. कापलेली कड पाहावी. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला खाली कापडाची वीण दिसते.

शेवटी सेवेविषयी, कारण डब्या-बरण्यांनी न होणारी कामे तालुक्याच्या आठवडी बाजारात बसणारे आमचे ओळखीचे चर्मकार काका करून देतात, आणि त्यांच्या कामाचे परीक्षण केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. त्यांच्याकडे आर (भोक पाडायचा टोच्या), रापी (चामडे कापायचे हत्यार), लोखंडी तिपाई, मेण लावलेला दोरा आणि वादीची एक गुंडी, एवढेच सामान असते. वहाणेची तुटलेली वादी दाखवली तेव्हा मी नायलॉनच्या दोऱ्याचा आग्रह धरत होतो. त्यांनी ती वहाण हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, “गुरुजी, वादीच्या जागी वादीच पायजे, दोरा टिकत नाई तिथं.” मग त्यांनी नवी वादी पाण्यात बुडवून मऊ केली, तिचे टोक रापीने तिरपे तासले, आरीने जुन्याच भोकांतून वाट काढत ती ओढली आणि शेवटी तिपाईवर ठोकून सपाट केली. नवे भोक एकही पाडले नाही, कारण प्रत्येक नव्या भोकाने चामडे तिथे कमजोर होते. वाळल्यावर वादी आकसून भोकांत घट्ट बसली, आणि नायलॉनचा दोरा कडांना जसा कापत जातो तसा तिचा त्रास झाला नाही.

त्यांचे दर माफक आहेत. किरकोळ टाक्यांना दहा-वीस रुपये आणि वादी बदलण्याला त्याहून थोडे अधिक. कामाच्या मानाने हे दर कमीच आहेत, आणि मी घासाघीस करत नाही, इतरांनीही करू नये. गिऱ्हाईकाने दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. एक, तळवा नुसत्या सोल्युशनने न चिकटवता टाक्यांनीही बसवून द्यावा. गर्दीच्या दिवशी घाई असते आणि चिकटवून काम भागवले जाते, पण आमच्या चिखलात ते एक पावसाळाही काढत नाही. दुसरे, काम झाल्यावर वरून पातळ पॉलिश मारू नये, वस्तू तशीच द्यावी. दोन्ही गोष्टी ते आनंदाने ऐकतात. वस्तू मात्र स्वच्छ आणि कोरडी करून न्यावी, कारण मातीने भरलेल्या शिवणीत आर नीट चालत नाही आणि ओल्या चामड्यात घातलेला टाका वाळल्यावर सैल पडतो. पाऊस लागला की ते उघड्यावर बसू शकत नाहीत, त्यामुळे शिवणीची आणि तळव्यांची सगळी कामे मृगाच्या आधीच्या बाजारातच करून घ्यावीत. त्या दिवशी गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जाऊन वस्तू त्यांच्याकडे टाकावी आणि बाजारहाट उरकून परत येताना घ्यावी.